साहेब कोंबडा खाऊन बसले

भाऊबिजेला भावाने बहिणीकडे जायचे असते. आमच्याकडे यंदा गंगा उलटी वाहिली, कारण आमच्या वसंताला रजा नाही. आणि रजा नाही, कारण दुसरी पंचवार्षिक योजना आपल्यावाचून अडून बसेल असे त्याचे प्रामाणिक मत आहे. तेव्हा शाळेला दिवाळीची सुट्टी लागताच मीच पुण्याहून निरांजन, चकल्यांचा डबा आणि एक स्वेटर घेऊन चांद्याला जाऊन थडकले.

पुण्यात मी मुलींना भूगोल शिकवते. नकाशात चांदा जिल्ह्यावर हिरवा रंग फासला की आमचा चांदा संपतो. परत आल्यापासून शाळेतल्या सगळ्या बायका "वाघ दिसला का?" एवढेच विचारतात. त्यांना एकदाच सांगून टाकते, वाघ दिसला नाही. कोंबडा दिसला, तोही ताटात, आणि माझ्या नव्हे. पण त्या कोंबड्याने जो गोंधळ घातला तो वाघाच्या बापाला जमला नसता.

चांदा

वसंता ग्रामोद्योगाचा साहेब आहे. लोकांनी नुसत्या धानावर विसंबू नये, चार जोडधंदे करावेत, म्हणून सरकार अनुदान देते, आणि ते योग्य जागी पोचते की नाही हे वसंता बघतो. त्याच्या घरी गेले तर बसायला जागा नव्हती. खुर्चीवर मधमाशांची पेटी, दिवाणावर बांबूच्या चटया, आणि न्हाणीघरात मोहाच्या तेलाचा साबण. हा साबण ग्रामोद्योगाचा नमुना म्हणून आला होता. भाऊबिजेच्या सकाळी मी तो वापरला आणि दुपारपर्यंत घरातले मांजर माझ्या जवळ आले नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला चांदा जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला होता. कचेरीतले छापील कागद मात्र जुनेच होते. कारकून 'मध्यप्रदेश' खोडून वर 'मुंबई' लिहीत बसले होते. दूधवाल्या म्हातारीने मला विचारले, "बाई, आमी मुंबईत गेलो म्हंते. मंग समुद्र कवा येते?"

वसंताची एक गोष्ट इथेच सांगते. आमच्या घरी सात पिढ्यांत कोणी अंडे फोडलेले नाही. हा बहाद्दर चांद्याला आल्यापासून कोंबडी खाऊ लागला होता. ओवाळून झाल्यावर त्याने ताटात साडी ठेवली आणि कानात म्हणाला, "ताई, आईला सांगू नकोस." ओवाळणी आणि तोंड बंद ठेवण्याचा मोबदला त्याने एकाच साडीत उरकला.

ब्रह्मपुरीच्या अलीकडे

दुसऱ्या दिवशी त्याच्या जीपमधून दौऱ्यावर निघालो. धुळीबद्दल लिहीत नाही, कारण ती अजून केसांत आहे. दोन्ही बाजूंना कापणीला आलेले धान, मधूनमधून बोडी, म्हणजे छोटे तळे, आणि तळ्याच्या बांधावर बगळे. आमच्याकडे शेत म्हणजे तांबडी माती आणि तिच्यावर आकाशाकडे बघणारा माणूस. इथे शेतातच आकाश साचलेले होते.

एका गावात मधुमक्षिकापालनाचे अनुदान दिलेले होते. आधीच्या साहेबांचा शेरा होता, 'पेट्या वापरात आहेत.' आम्ही पाहिल्या. खरोखरच वापरात होत्या. एकीत लाखोळी डाळीचे बियाणे, दुसरीत लग्नातले कपडे. माशा शेजारच्या पिंपळावर पूर्वीसारख्याच सुखाने नांदत होत्या.

"पेटी बेस हाये जी साहेब," घरधनी खुशीत सांगत होता, "येकबी उंदीर शिरत नाई. आनखी दोन भेटन का?"

वसंता लालबुंद झाला. परत जीपमध्ये बसल्यावर म्हणाला, "ह्या आधीच्या गृहस्थाने जीपमधून खाली पायसुद्धा ठेवला नसेल. ताई, मी सांगतो, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी एक ओळ लिहिणार नाही." मी म्हटले, "बरं बाबा." लहानपणापासून तो असाच आहे. हरिश्चंद्राचे आख्यान ऐकून आला की आठवडाभर घरात कोणाला थापही मारू द्यायचा नाही.

कोसमटोला, मंगळवार

वैनगंगा नावेतून ओलांडली, जीप तराफ्यावरून आली, आणि पुढे जंगलातल्या वाटेने कोसमटोल्याला पोचलो. वीस-पंचवीस घरांचा ढिवरांचा टोला. मासेमारी करतात, थोडे धान पिकवतात, आणि रानातल्या येनाच्या, म्हणजे आपल्या ऐनाच्या, झाडांवर कोशाचे किडे पाळतात. आपल्याकडे लग्नाकार्यात सोवळे म्हणून नेसतात ते टसर रेशीम ह्याच कोशाचे. पण कोसे, म्हणजे हे कोश, बाहेरचा व्यापारी उचलून नेतो, सूत दुसरीकडे निघते आणि कापड तिसरीकडे. सूत गावातच निघावे म्हणून सरकारने इथे केंद्र मंजूर केले होते. एक छपरी, अवजारे आणि शिकवायला एक बाई. सगळे मंजूर, फक्त साहेबाने रानातले उभे पीक स्वतः पाहून दाखला द्यायचा राहिला होता. तो शनिवारी चांद्याला पोचला नाही, तर केंद्र यादीतल्या पुढच्या गावाला जाणार होते.

टोल्याचे मुख्य डोमाजीभाऊ. पांढऱ्या मिशा, डोक्याला लाल पागोटे, आणि पाहुणा आला म्हणजे जग जिंकले अशी चर्या. वसंताला, ग्रामसेवकाला आणि ड्रायव्हरला ते जेवायला टोल्याच्या दुसऱ्या टोकाला, मेव्हण्याच्या घरी घेऊन गेले. आपले घर सोडून मेव्हण्याकडे का, हे मला तेव्हा कळले नाही. मी शाकाहारी म्हणून डोमाजींच्याच घरी, त्यांच्या सुनेपाशी राहिले.

तिचे नाव भागरता. वय फार तर बाविशीचे. पळसाच्या पत्रावळीवर नव्या तांदळाचा वाफाळता भात, लाखोळीचे वडे आणि जवसाची चटणी तिने वाढली. पुण्यात आम्ही भाताला सोबत म्हणून वरण करतो, इथे भात एकटाच पुरतो. घरात ना रांगोळी ना पणती, म्हणून मी विचारले, "दिवाळी झाली ना?"

"नाई जी बाई. मानसं रानात हायेत न. कोसा उतरन मंग दिवाडी."

जेवण झाल्यावर ती सूत काढायला बसली. शिजवलेल्या कोशांतून तार ओढायची आणि उघड्या मांडीवर तळहाताने वळायची. बोलता बोलता तिचे सगळे कळले. नवरा मारोती महिन्याहून जास्त दिवस रानात, किड्यांच्या राखणीला. त्याचा थोरला भाऊ बल्लारपूरला कोळशाच्या खाणीत लागला होता आणि ह्यालाही बोलावत होता. मारोतीने जाताना सांगितले होते, केंद्र झाले तर इथेच राहू, नाहीतर पीक उतरले की दोघे बल्लारपूरला.

"तुला जायचं नाही?"

"इथी सूत काढता येते बाई," ती मांडीवरची तार न सोडता म्हणाली. "तिथी का काढू, धूर?"

त्या घटकेपासून सरकारी दाखला म्हणजे मला भागरताचे घर वाटू लागले. मी उठून वसंताला शोधायला निघाले.

तो चेहऱ्यावर तृप्ती घेऊन येतच होता. मागून ग्रामसेवक सुपारी कातरत, आणि डोमाजी मिशा पुसत. वसंता हात चोळून म्हणाला, "वा डोमाजी, असा कोंबडा चांद्यात नाही मिळत! चला, आता कोसा बघू."

डोमाजींचा मिशीवरचा हात तिथेच थांबला. त्यांनी वसंताकडे पाहिले, रानाकडे पाहिले, आणि चेहरा असा झाला की मला वाटले साप दिसला.

"आता कसं होईन साहेब? तुमी तं कोंबडा खाल्ला."

"म्हणजे?"

मग उलगडा झाला. किडे झाडावर आहेत तोवर रान सोवळे. राखणदाराने मांस-मासळी खायची नाही, अंगाला तेल लावायचे नाही, दाढी करायची नाही, बायकोचे तोंड बघायचे नाही. त्याच्या घरातही मांस शिजत नाही, म्हणून तर पंगत मेव्हण्याकडे! आणि ज्याने मांस खाल्ले त्याने तीन दिवस रानाच्या अलीकडचा नाला ओलांडायचा नाही, नाहीतर किडे पानांवरून गळून पडतात.

"पण डोमाजी, तुम्हीच वाढलंत की!"

"मंग! पाहुन्याले वाढनार नाई का? साहेब येते अन् त्याले भाजीभात? गाव का म्हनन?"

"अहो, पण मी आलोय तो कोसा बघायला!"

"ते बी खरं हाये," डोमाजी म्हणाले आणि मटकन खाली बसले.

ह्यात कोणाची चूक म्हणावी? पाहुण्याला कोंबडा कापायचा, हा एक कायदा. कोंबडा खाल्लेल्याला रानात सोडायचे नाही, हा दुसरा. दोन्ही कायदे बापजाद्यांपासून गुण्यागोविंदाने नांदत होते. ज्या पाहुण्याला कोसाच बघायचा आहे असा पाहुणा आजवर टोल्यावर आलाच नव्हता.

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. न खाल्लेली मी एकटीच. मी पदर खोचलासुद्धा. पण डोमाजींनी मान हलवली. "बाईले जमत नाई."

मला राग आला. "अहो, किड्यांची अंडी मादीच घालते ना?"

"म्हनूनच तं जी बाई," डोमाजी गंभीरपणे म्हणाले. "येका रानात तेवडी येकच पुरे."

वीस वर्षे मी वर्गात शेवटचा शब्द कोणाला बोलू दिलेला नाही. त्या दिवशी बोलू दिला.

ग्रामसेवक वसंताच्या जवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "साहेब, लिहून टाका पाह्यलं म्हनून. कोन येते चौकशीले? पीक तं हायेच."

डोमाजींनीही हात जोडले. "लिवा साहेब. आमी का खोटं बोलून राह्यलो?"

पीक होते ह्यात शंका नव्हती. नाल्यापलीकडून पाखरे हाकलण्याचे "हाऽ हाऽ" मला इथवर ऐकू येत होते. मीसुद्धा म्हटले, "वसंता, सही कर रे. पोरीचा संसार आहे." आणि ती गोष्ट त्याला सांगितली. त्याने खिशातून पेन काढले, टोपण काढले, आणि तसाच उभा राहिला. मग टोपण लावले. "काल त्या पेट्यांवर मी काय बोललो, ताई? आज मीच न बघता लिहू?"

मला त्याला एक चापट द्यावीशी वाटली. हरिश्चंद्राला निदान स्वतःचीच बायको विकायची होती, हा दुसऱ्याच्या बायकोला बल्लारपूरला धाडायला निघाला होता.

तेव्हा दाराआडून भागरता पुढे आली. सासऱ्यासमोर ती मोठ्याने बोलत नसावी, कारण डोमाजी चमकले. डोक्यावरचा पदर पुढे ओढून, जमिनीकडे बघत ती म्हणाली, "तीन दिवस राहा न जी साहेब. आमी भातच वाढतो."

मंगळवार, बुधवार, गुरुवार. शुक्रवारी बघायचे आणि शनिवारी चांद्यात. जमत होते. फक्त गुरुवारी ब्रह्मपुरीला एक मंत्री येणार होते आणि वसंताने त्यांच्यासमोर हजर असणे नोकरीच्या दृष्टीने फार आरोग्यदायक होते. त्याने थोडा वेळ विचार केला. मग ग्रामसेवकाला जीप देऊन पाठवले आणि सोबत चिठ्ठी दिली. खोटे लिहायचे नाही, म्हणून लिहिले, 'खाण्यात आलेल्या एका पदार्थामुळे येऊ शकत नाही.'

कोसमटोला, बुधवार आणि गुरुवार

हे दोन दिवस मी जन्मात विसरणार नाही. आमचा वसंता म्हणजे रोज गुळगुळीत दाढी, केसांना ब्राह्मीचे तेल, बुटाला पॉलिश. त्याला बोडीच्या गार पाण्यात आंघोळ घालण्यात आली. तेल नाही, वस्तरा नाही, चामड्याचे बूट आणि पट्टा जप्त. पट्टा गेल्यावर पॅंट राहीना, म्हणून डोमाजींचे धोतर नेसवले. आपल्याकडे दिवाळीत तेल लावले नाही तर नरकात जातात, इथे लावले तर किडे मरतात. माणसाने नक्की करावे तरी काय?

अख्खा टोला त्याच्या सोवळ्याची राखण करत होता. दंतमंजन चालते का, ह्यावर म्हाताऱ्यांची बैठक बसली. नाही चालत, असे ठरले, बाभळीची काडी घ्या. मग विडीचे काय? "बिडीचं कोश्याले काई नाई," डोमाजींनी ताबडतोब निकाल दिला. ते स्वतः ओढतात. कोंबडा त्यांनीही खाल्ला होता, त्यामुळे तेही वसंताबरोबर भात खात आणि आंबील पीत बसले होते. अंगणातून एखादी कोंबडी गेली की दोघे एकदमच दुसरीकडे बघायचे.

गुरुवारी दुपारी जीप परत आली. मंत्र्यांनी विचारपूस केली होती आणि वरच्या साहेबांनी भुवया वर केल्या होत्या, एवढे ड्रायव्हरने सांगितले. वसंता म्हणाला, "असू दे." पण त्या रात्रीचा भात त्याला नीट गेला नाही, हे मी पाहिले. मला त्याची काळजी वाटली, आणि खरे सांगते, अभिमानही वाटला. तोंडावर सांगितले नाही. आधीच फुगलेला आहे.

भागरता ह्या दोन दिवसांत सूत काढायची, भात रांधायची, आणि अधूनमधून वसंताच्या हनुवटीकडे बघायची, दाढी पुरेशी वाढली की नाही ते.

नाल्याकाठी, शुक्रवार

सकाळी वसंता ओलेत्याने, अनवाणी नाला ओलांडून गेला. बरोबर डोमाजी. भागरता आणि मी अलीकडच्या काठावर बसलो. पलीकडे येनाची झाडे ओळीने उभी होती, पाने खाऊन खाऊन विरळ झालेली. त्यात काय चालले आहे ते दिसत नव्हते. भागरताने तर तिकडे पाठच केली होती, कारण मारोती चुकून झाडाबाहेर आला आणि नजरानजर झाली तर सगळेच मुसळ केरात.

"तू कधी पाहिलेच नाहीस किडे?" मी विचारले.

"नाई जी. लग्न झाल्यापासून कोसाच पाह्यला. किडा कसा राहते, तेच सांगते." 'तेच' म्हणजे नवरा.

बराच वेळ गेला. मग वसंता आला. दाढी वाढलेली, पायात काटा मोडलेला, आणि तोंडभर हसू. "ताई, बोटाएवढाले हिरवेगार किडे! पानांआड असे बसलेत की हात लावेपर्यंत कळत नाही. काहींनी तर कोश विणायला घेतलेत." त्याने धोतराच्या सोग्याला हात पुसले, दगडावर बसला, आणि दाखला लिहिला. 'मी स्वतः पाहिले.' खाली झोकदार सही. त्या सहीखाली रेघ ओढायला त्याला कधी नव्हे ती मजा आली असावी, कारण त्याने दोन ओढल्या.

"झालं का जी?" भागरताने पाठमोरीच विचारले.

"झालं," वसंता म्हणाला. "केंद्र तुमचं."

तेवढ्यात पलीकडून हाक आली. मारोती झाडीच्या कडेपर्यंत आला होता. केसांच्या जटा, दाढी छातीवर, हातात गोफण. तोही आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. महिन्याहून जास्त दिवसांनी नवरा-बायको बोलत होते, मध्ये नाला, आणि दोघांची तोंडे दोन दिशांना.

"आयकून राह्यली का?"

"आयकून राह्यली."

"साहेबानं मले सांगतलं. भावाले निरोप धाड, आमी येत नाई म्हनून."

भागरता उत्तर द्यायला गेली आणि तिला देता येईना. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि डोळ्यांतून धारा लागल्या.

"काऊन बोलत नाई व?" पलीकडून पुन्हा आले. आवाजात आता काळजी होती. "का झालं?"

तिने माझ्याकडे पाहून हात हलवला, तुम्हीच काहीतरी सांगा म्हणून. त्याला उगाच घोर नको, म्हणून मी वर्गात वापरते तो आवाज काढला आणि ओरडले, "काही नाही हो! हसते आहे ती!"

वसंताने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू मी शनिवारचा दाखलाच खोटा लिहिला आहे.

"खोटं नका बोलू जी बाई," मारोती पाठमोराच म्हणाला. "ते हासते तवा मले रानात आयकू येते."

हे ऐकले आणि भागरता हसली. तोंडातला पदर सुटला, डोळ्यांतले पाणी तसेच, आणि हसणे असे मोठे की नाल्यातले बगळे उडाले. पलीकडे मारोतीने गोफण खांद्यावर टाकली, आणि मागे वळून न बघता पुन्हा येनांच्या झाडीत शिरला.